‘कला’ आणि ‘कला शाखा’ : माध्यमिक शाळेतील विषयनिवडीचा एक शब्देतिहास

१

माध्यमिक शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की विद्यार्थ्यापुढे आणि त्याच्या घरच्या मंडळींपुढे विषयनिवडीचा प्रश्न उभा राहतो. विज्ञान, वाणिज्य आणि कला ही तीन नावे सर्वांच्या तोंडी असतात. ज्या मुलाचा हात चित्राकडे वळतो, ज्याने शासकीय रेखाकला परीक्षेत वरची श्रेणी मिळविली आहे, त्याला साहजिकच असे वाटते, की या तिहींपैकी आपली शाखा म्हणजे कला शाखा होय. प्रवेश घेतल्यानंतर त्याच्यासमोर येतात ते इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि भाषा हे विषय. ते सर्व आदरणीय आहेत. परंतु ज्या अर्थाने त्या मुलाने ‘कला’ हा शब्द मनात धरला होता, त्या अर्थाची कला बहुधा तेथे नसते. उच्च माध्यमिक परीक्षेच्या ऐच्छिक विषयांच्या यादीत रेखाकला व कलेचा इतिहास यांची नावे आहेत, हे खरे. तथापि यादीत नाव असणे आणि वर्गात शिक्षक असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. जेथे शिक्षक नेमलेला असेल तेथेच तो विषय घेता येतो.

हा घोटाळा त्या मुलाच्या अज्ञानातून झालेला नाही. तो शब्दातच आहे, आणि त्या शब्दामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा शिक्षणाचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा मागोवा घ्यावयाचा आहे. उदाहरणासाठी भिवंडी हे गाव निवडले आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. भिवंडी हे विणकरांचे गाव. कापडावरील नक्षी हा जेथे उपजीविकेचा भाग होऊ शकतो, तेथे रेखाटनाच्या विषयाला शाळेत काही स्थान असावे, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. शिवाय मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी व गुजराती या भाषा येथे एकाच बाजारात बोलल्या जातात. त्यामुळे कलेविषयीचे शब्द निरनिराळ्या भाषांतून कसे वागतात, हे पाहण्याची सोय या गावी सहज होते.

लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : आपल्या शिक्षणव्यवस्थेत ‘कला’ हा शब्द एका दाराने आला आणि चित्रकला हा विषय दुसऱ्या दाराने आला. या दोहोंची गाठ कधी पडली नाही. चित्रकलेला परीक्षा मिळाली, पण निवडण्याजोग्या विषयाचे स्थान मिळाले नाही.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. संस्कृतात ‘कला’ म्हणजे मूलतः लहानसा अंश. चंद्राच्या सोळा कला म्हणताना हाच अर्थ अभिप्रेत असतो. त्याच शब्दाला कौशल्य हा अर्थ जोडला गेला आणि चौसष्ट कलांची कल्पना रूढ झाली. मराठीने या शब्दाचे ‘कळा’ हे रूपही जतन केले आहे. ‘अवकळा’ या शब्दात ते आहे, आणि काळ्या लुगड्याला ‘चंद्रकळा’ म्हणतात त्यातही ते आहे.

वात्स्यायनाने दिलेली चौसष्ट कलांची यादी या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तीत आलेख्य, म्हणजे चित्र काढणे, ही एक कला आहे. सूचीवानकर्म, म्हणजे शिवणे व विणणे, ही दुसरी आहे. तर्कुकर्म, म्हणजे चातीचे काम, हीही त्यांत आहे. आणि त्याच यादीत देशभाषाविज्ञान, म्हणजे निरनिराळ्या प्रदेशांच्या भाषांचे ज्ञान, यालाही स्थान आहे. चितारी, विणकर आणि भाषाभ्यासक हे तिघेही या यादीत शेजारी शेजारी बसतात. आज महाविद्यालयात ज्याला कला शाखा म्हणतात तिच्यात यांपैकी तिसरा तेवढा उरला आहे. पहिल्या दोघांना बाहेर कोणी काढले, हा प्रश्न इतिहासाचा आहे.

व्यवहारात मात्र मराठी कारागिराने ‘कला’ हा शब्द फारसा वापरलेला दिसत नाही. त्याचे शब्द कसब, हुन्नर, नक्षी, कारागिरी असे होते. यांतील ‘नक्षी’ हा शब्द अरबी ‘नक्श’ या मूळापासून फारसीच्या द्वारे मराठीत आला. त्याच मूळापासून ‘नकाशा’ हा शब्दही आला. परिणाम असा, की शाळेत भूगोलाच्या तासाला भिंतीवर टांगतात तो नकाशा आणि चित्रकलेच्या तासाला वहीत काढतात ती नक्षी, हे दोन्ही शब्द एकाच कुळातले असून विद्यार्थ्याला त्याची दाद नसते. बनारसकडे वेलबुट्टीचा आराखडा दोऱ्यांत बांधून देणाऱ्या कारागिराला ‘नक्षाबंद’ म्हणतात. भिवंडीत ज्या मोमीन विणकरांची वस्ती झाली, त्यांतील पुष्कळ घराणी एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ नंतरच्या धामधुमीत, उत्तर हिंदुस्थानातून आली. त्यामुळे ‘नक्शा’ हा शब्द विणकामाच्या अर्थाने या गावाला परका नाही.

उर्दूत चित्रकलेला ‘मुसव्विरी’ म्हणतात व कोरीव किंवा रंगीत सजावटीला ‘नक्काशी’. कलेला सामान्य शब्द ‘फन’. त्याचे अनेकवचन ‘फुनून’. ललित कला म्हणावयाचे असेल तर ‘फुनून-ए-लतीफा’ असे विशेषण जोडावे लागते, कारण नुसत्या ‘फुनून’ने विद्यापीठातील आर्ट्स विद्याशाखेचाही बोध होतो. तेलुगू भाषेत याहून मौज आहे. तेथे ‘कळाशाला’ म्हणजे कोणतेही महाविद्यालय. मग त्यात रसायनशास्त्र शिकवीत असोत वा हिशेब. मराठीत ‘कलाशाळा’ म्हटले की चित्र-शिल्पाची शाळा समजली जाते. पद्मशाली विणकरांच्या निमित्ताने भिवंडीत या दोन्ही भाषा एकाच आळीत नांदतात, आणि एकच संस्कृत समास शेजारच्या दोन घरांत दोन वेगळ्या संस्था दाखवितो.

तात्पर्य, मराठीतच नव्हे, तर आपल्या अनेक भाषांत हा शब्द दुहेरी झाला आहे. हे दुहेरीपण एतद्देशीय नव्हे. ते एका परकीय शब्दाच्या भाषांतरातून आले.

३

इंग्रजी ‘आर्ट्स’ या शब्दाची परंपरा युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांपर्यंत पोचते. तेथे व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, ज्योतिष व संगीत अशा सात विद्यांना ‘आर्ट्स’ म्हणत. त्यांत चित्रकला नव्हती. चितारी हा तेथेही कारागिरांच्या संघात मोडत असे आणि उमेदवारी करून शिकत असे. पुढे ‘आर्ट’ हा शब्द एकवचनात विशेषकरून चित्र-शिल्पासाठी रूढ झाला व ‘आर्ट्स’ हे अनेकवचन विद्यापीठाकडे राहिले. इंग्रजी बोलणाऱ्याला एका अक्षराचा तरी आधार मिळतो. मराठीने दोहोंना ‘कला’ हाच प्रतिशब्द योजला आणि तो आधारही नाहीसा झाला.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, घेण्यात आली, आणि १८६२ मध्ये पहिले बी. ए. बाहेर पडले, महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतील होत. ‘आर्ट्स’ हा शब्द या दाराने आपल्याकडे आला. त्याचा आशय भाषा, इतिहास, तर्क व गणित असा होता.

योगायोग असा, की त्याच १८५७ साली मुंबईत दुसरे एक दार उघडले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये एक लक्ष रुपयांची देणगी दिली होती. तिच्यातून मार्च १८५७ मध्ये त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. या शाळेचा हेतू विद्यापीठाच्या हेतूहून सर्वस्वी निराळा होता. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात हिंदुस्थानी कापड व धातुकाम पाहून तेथील जाणकार थक्क झाले होते आणि स्वतःच्या कारखान्यांतील मालाचे ओबडधोबड रूप त्यांना खुपू लागले होते. त्यातून हेन्री कोल यांच्या नेतृत्वाखाली साउथ केन्सिंग्टनची रेखाटनपद्धती आकारास आली : मुक्तहस्त रेषा, भूमिती, नमुन्यावरून रेखाटन, अलंकरण, आणि या प्रत्येक पायरीवर परीक्षा. १८५६ मध्ये ओवेन जोन्स यांनी देशोदेशींच्या अलंकरणाचा जो प्रसिद्ध ग्रंथ काढला, त्याच्या नावातच ‘व्याकरण’ हा शब्द होता. भाषेच्या अभ्यासकाला या नावाचे महत्त्व चटकन पटेल. ज्याप्रमाणे शाळेत धातूंची व नामांची रूपे घोकून घेतात, त्याप्रमाणे वेल, पान व वर्तुळ यांची रूपे हाताकडून घोकून घ्यावयाची, अशी ती पद्धती होती.

ही पद्धती मुंबईत आली. जॉन लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक १८६५ मध्ये येथे दाखल झाले आणि पुढील वर्षी सजावटीची चित्रकला, प्रतिमाकाम व लोहकाम अशा तीन कार्यशाळा सुरू झाल्या. ही मंडळी केवळ विलायती नमुनेच गिरवीत बसली असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८६८ मध्ये भिवंडीहून फार दूर नसलेल्या अंबरनाथच्या शिवालयाचे साचे व रेखाटने कलाशाळेच्या मंडळींनी घेतली, आणि १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या.

माध्यमिक शाळांच्या दृष्टीने महत्त्वाची दोन वर्षे म्हणजे १८७९ आणि १८९३. १८७९ मध्ये रेखाटन हा विषय शालेय शिक्षणात आणण्यात आला आणि १८९३ मध्ये कलाशाळेत चित्रशिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला. म्हणजे चित्रकला आपल्या शाळांत आली ती विद्यापीठाकडून नव्हे, तर कलाशाळेकडून आली. आणि ‘कला’ या नावाने नव्हे, तर ‘ड्रॉइंग’ या नावाने, हाताला व डोळ्याला शिस्त लावणारा उपयुक्त विषय म्हणून आली. तिचे शिक्षक, तिचे तपासनीस आणि तिच्या परीक्षा वेगळ्या राहिल्या. याच सुमारास १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था स्थापन झाली व वस्त्रनिर्मितीचे शिक्षण तिकडे गेले. अशा रीतीने एकाच शहरात तीन वास्तू उभ्या राहिल्या : शब्दांसाठी विद्यापीठ, रेषेसाठी कलाशाळा, आणि मागासाठी तांत्रिक संस्था. वात्स्यायनाच्या यादीतील तिघे शेजारी येथे तीन दिशांना पांगले.

४

यापुढील इतिहास हा या तीन वास्तूंमध्ये पूल बांधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

१८८२ मध्ये हंटर आयोग नेमला गेला. त्याने सुचविले, की माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांना दोन फाटे असावेत; एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारा व दुसरा व्यापारउदीम किंवा अन्य व्यावहारिक उद्योगांकडे नेणारा. जोतीराव फुले यांनी त्याच वर्षी आयोगाला दिलेल्या निवेदनात प्रचलित शिक्षण बहुजनांच्या नित्य व्यवहाराला उपयोगी पडत नाही, ही तक्रार स्पष्टपणे मांडली होती. विषयनिवडीची कल्पना आपल्या माध्यमिक शिक्षणात अधिकृतपणे शिरली ती येथे. परंतु दुसऱ्या फाट्याला विद्यार्थी मिळेनात. सरकारी नोकरी, वकिली, शिक्षकी या सर्वांची किल्ली मॅट्रिकमध्ये होती. जी वाट तेथे पोचत नाही ती कितीही उपयुक्त असली तरी पालक तिच्याकडे पाठ फिरवीत. यात पालकांचे चुकले असे म्हणता येत नाही. त्यांनी विषय निवडला नाही, पुढची पायरी निवडली.

दुसरा प्रयत्न १९३७ मधील वर्धा योजनेचा. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगाला शिक्षणाचा मध्य मानले, आणि त्या उद्योगांत कताई-विणाई प्रमुख होती. अभ्यासक्रमात मातृभाषा, गणित, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान यांच्याबरोबर चित्रकला व संगीत यांनाही स्थान होते. माग, रेषा आणि भाषा या तिन्ही गोष्टी एका वेळापत्रकात आणणारी आधुनिक काळातील ही पहिली मोठी योजना होय. भिवंडीसारख्या गावाला ती किती जवळची होती हे सांगावयास नको. परंतु ही योजना प्राथमिक व बुनियादी शिक्षणापुरती होती. ती माध्यमिक शाळेच्या दारापाशी थांबली. त्याहूनही महत्त्वाचे असे, की तिच्यातील विणाई ही हातमागाची होती आणि भिवंडी नेमकी त्याच दशकात हातमाग सोडून यंत्रमागाकडे वळत होती.

तिसरा प्रयत्न मुदलियार आयोगाचा. १९५२ मध्ये नेमलेल्या या आयोगाने पुढील वर्षी अहवाल देऊन बहुउद्देशीय माध्यमिक शाळांची शिफारस केली आणि ऐच्छिक विषयांचे सात गट सांगितले : मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. ललित कला हा प्रथमच विज्ञानाच्या बरोबरीचा गट झाला. त्यात कलेचा इतिहास, रेखाटन व संकल्प, रंगचित्र, मूर्तिकाम, संगीत आणि नृत्य हे विषय होते. दुसरी गोष्ट म्हणजे, भाषा-इतिहासादी विषयांना आयोगाने ‘कला’ न म्हणता वेगळे नाव दिले. शब्दाचा गोंधळ या वर्गीकरणात अजिबात नव्हता. परंतु सात गट चालवावयाचे तर सात प्रकारचे शिक्षक, खोल्या आणि साहित्य लागते. ते सामर्थ्य फार थोड्या शाळांत होते.

चौथे वळण कोठारी आयोगाचे. १९६४ ते १९६६ या काळात काम करून या आयोगाने पहिल्या दहा वर्षांत सर्वांना समान सामान्य शिक्षण द्यावे आणि निवड त्यानंतर व्हावी, असे सांगितले. महाराष्ट्रात १९७५ पासून दहावी, बारावी व पदवी असा आकृतिबंध आला. या रचनेचे गुण पुष्कळ आहेत; चौदाव्या वर्षी मुलाचे भवितव्य ठरवू नये हा विचार न्याय्यच होता. परंतु चित्रकलेच्या बाबतीत तिचा परिणाम विलक्षण झाला. दहावीपर्यंत हा विषय सर्वांसाठी राहिला, पण मोठ्या परीक्षेच्या गुणांत त्याची गणना नाही. त्याला श्रेणी मिळते. आणि दहावीनंतर, जेथे निवड खरोखर सुरू होते, तेथे शाखा तीनच उरल्या आणि त्यांतील एकीचे नाव ‘कला’ असले तरी ती मुदलियारांची ललित कला नव्हे, ती विद्यापीठाची ‘आर्ट्स’ होती. जेथे विषय होता तेथे निवड नव्हती आणि जेथे निवड आली तेथे विषय उरला नाही.

५

या सर्व काळात शालेय चित्रकलेला आधार दिला तो रेखाकला परीक्षांनी. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या नावांनी घराघरांत परिचित असलेल्या या परीक्षा आज कला संचालनालयामार्फत घेतल्या जातात. हे संचालनालय १९६५ मध्ये स्थापन झाले. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन अशी त्यांची अंगे आहेत. साउथ केन्सिंग्टनचा वारसा या नावांतून आजही ओळखता येतो. विशेषतः ‘संकल्पचित्र’ म्हणजे नक्षीची आखणी, आणि भूमितीला चित्रकलेतच दिलेले स्थान, हे त्या औद्योगिक हेतूचे अवशेष आहेत.

या परीक्षांचे ऋण मोठे आहे. त्यांना खर्च थोडा लागतो. कागद, पेन्सिल, रंगपेटी आणि एक जिव्हाळ्याचा शिक्षक एवढ्या सामग्रीवर आडगावची शाळाही विद्यार्थी बसवू शकते. दुसरे असे, की रेषेला माध्यमाची भाषा नसते. भिवंडीत मराठी माध्यमाचा मुलगा आणि उर्दू माध्यमाची मुलगी यांची क्रमिक पुस्तके, लिपी, इतकेच नव्हे तर लिहिण्याची दिशासुद्धा वेगळी. परंतु समोर ठेवलेला तांब्या दोघांनाही सारखाच काढावा लागतो. १९७० व १९८४ च्या दंगलींचे घाव सोसलेल्या या गावात मुलांच्या दोन गटांना एकाच मापाने मोजणारी एखादी गोष्ट असणे हे लहान नव्हे.

तरीही या परीक्षेची मूळची मर्यादा तिच्याबरोबर राहिली. ती शाळेत होते, पण शालेय विषयांच्या वृक्षाची ती फांदी नाही. शेजारी लावलेले ते वेगळे झाड आहे. अलीकडच्या काळात इंटरमीजिएट परीक्षेतील श्रेणीवरून शालान्त परीक्षेच्या निकालात वाढीव गुण देण्याची व्यवस्था झाली. तिच्यामुळे या परीक्षेकडे विद्यार्थ्यांचा ओढा वाढावा हे स्वाभाविक आहे. परंतु ‘वाढीव’ आणि ‘सवलतीचे’ हे शब्दच पाहावेत. गणिताचे गुण कोणी सवलतीचे म्हणत नाही. ज्या ज्ञानाचे गुण वरून घालावयाचे असतात, ते ज्ञान मुळात हिशेबात धरलेले नसते. आणि हे गुण एकदा पदरी पडले, की रेखाटनाचे काम संपले असे पालकही मानतात व मूलही मानते. ज्या वर्षी निवड करावयाची, नेमक्या त्याच वर्षी पेन्सिल बाजूला ठेवली जाते.

शिक्षकाच्या बाबतीतही हीच स्थिती दिसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शंभरांहून अधिक पटाच्या उच्च प्राथमिक शाळांसाठी कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण, आणि कार्यशिक्षण यांचे निदेशक सांगितले, पण ते अंशकालीन. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलेला दहावीपर्यंत सर्वांच्या शिक्षणाचे अंग मानावे असा आग्रह धरला होता. आराखडा पूर्णवेळ विषय मागतो आणि कायदा अर्धवेळ शिक्षक देतो, अशी ही विसंगती आहे.

६

आता हा इतिहास भिवंडीच्या मागावर ठेवून पाहू. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील कापडाचे काम मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे आले आणि भिवंडी हे देशातील यंत्रमागाच्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक ठरले. परंतु येथे मुख्यतः विणले जाते ते कोरे कापड. व्यापारी सूत देतो, मागवाला कापड विणून देतो आणि मजुरी लांबीवर ठरते. त्या कापडाचा रंग कोणता, त्यावर फूल कोणते छापावयाचे, पट्टा किती रुंद, हे बहुतेक वेळा अन्यत्र ठरते. ताणा, बाणा, धोटा, फणी, कांडी, बीम हे शब्द येथील मुलाला पाळण्यापासून ऐकू येतात. नक्षी ठरविणाऱ्याचे शब्द मात्र ऐकू येत नाहीत.

वस्तुतः विणकामातील नक्षीचे शास्त्र शाळेतील मुलाच्या आवाक्याबाहेरचे नाही. चौकटीच्या कागदावर प्रत्येक चौकोन म्हणजे ताण्याचा एक धागा व बाण्याचा एक धागा यांची गाठ. चौकोन भरला तर ताणा वर, रिकामा ठेवला तर खाली. जॅकार्डच्या मागासाठी याच कागदावरून पुठ्ठ्यांना भोके पाडली जातात. ज्याने संकल्पचित्र आणि भूमिती यांचा चांगला अभ्यास केला आहे, त्याला हा कागद वाचण्यास फार दिवस लागू नयेत. म्हणजे रेखाकला परीक्षेतील दोन पत्रिका आणि गावातील माग यांमध्ये अंतर एका चौकटीच्या कागदाचे आहे. ते अंतर ओलांडण्याची पायरी मात्र शाळेच्या वेळापत्रकात नाही.

अशी भेट घडली तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या अलीकडच्या कलेतिहासात आहे. प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ मध्ये कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील नागाव येथे झाला. १९५९ मध्ये त्यांनी जे. जे. कलाशाळेतील शिक्षण पुरे केले आणि १९६१ मध्ये ते केंद्र सरकारच्या विणकर सेवा केंद्रात दाखल झाले. पहिली काही वर्षे ते बनारसला होते, म्हणजे नक्षाबंदांच्या शहरात. हातमागावरील कापडासाठी नव्या नक्षी तयार करण्याचे काम चित्रकारांना द्यावे, अशी त्या केंद्रांची कल्पना होती. अकोल्याचे अंबादास हेही त्यांत होते. बरवे यांनी पुढे मराठीत ‘कोरा कॅनव्हास’ हे चित्रकलेवरील पुस्तक लिहिले. ते १९९० मध्ये निघाले. रेषा, माग आणि भाषा या तिन्ही ठिकाणी एकाच माणसाचा हात चालला. परंतु हे घडले ते कलाशाळा संपल्यानंतर, सरकारी नोकरीत, आणि हातमागापुरते. यंत्रमागाच्या गावाला त्या योजनेचा हात पोचावा अशी तिची रचनाच नव्हती. आणि माध्यमिक शाळेशी तर तिचा संबंध नव्हता.

७

या विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात.

पहिला निष्कर्ष शब्दापुरता आहे. भाषा-इतिहासादी विषयांच्या शाखेला ‘मानव्यविद्या शाखा’ असे म्हणावे. हा शब्द नवा नाही. तो आपल्या शिक्षणविषयक लेखनात आहे, केवळ प्रवेशपत्रिकेवर नाही. ‘कला’ हा शब्द मोकळा झाला, तर निदान विद्यार्थ्याला आपण काय निवडतो आहोत व काय सोडतो आहोत हे कळेल. यात मानव्यविद्यांचाही लाभ आहे. ‘सायन्स मिळाले नाही म्हणून आर्ट्सला गेला’ या वाक्प्रयोगात त्या विषयांची जी अवहेलना आहे, ती कमी होण्यास स्वतःचे नेमके नाव असणे उपयोगी पडेल.

दुसरा निष्कर्ष असा, की केवळ नाव बदलून भागणार नाही. १८८२ पासूनच्या प्रत्येक प्रयत्नाचा धडा एकच आहे : विद्यार्थी विषय निवडीत नाही, तो पुढची पायरी निवडतो. हंटर आयोगाच्या दुसऱ्या फाट्याला पायरी नव्हती, वर्धा योजनेला माध्यमिक शाळेत पायरी नव्हती, मुदलियारांच्या ललित कला गटाला शिक्षक नव्हते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला व विज्ञान, अभ्यासक्रम व अभ्यासेतर कार्यक्रम यांच्यातील भिंती कठोर नसाव्यात असे म्हटले आहे, आणि २०२३ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलासंस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे १८५७ साली वेगळ्या निघालेल्या दोन वास्तूंपैकी दुसरीही आता विद्यापीठ झाली आहे. वरची पायरी तयार आहे. खालची, म्हणजे रेखाकला परीक्षा, दीर्घ काळापासून आहे. मधली, म्हणजे अकरावी-बारावीतील रेखाकलेचा शिकविला जाणारा विषय, ही तेवढी बहुतेक ठिकाणी गाळलेली आहे.

तिसरा निष्कर्ष भिवंडीपुरता. ज्या गावात चौकटीच्या कागदाला बाजारात किंमत आहे, तेथे रेखाकला हा उच्च माध्यमिक स्तरावरचा ऐच्छिक विषय मराठी व उर्दू या दोन्ही माध्यमांतून पूर्णवेळ शिक्षकासह चालविला गेला, तर तो छंदाचा विषय राहणार नाही. यादीत विषयाचे नाव आहेच. नवा कायदा करावयाचा नाही. एखाद्या संस्थेने शिक्षक नेमावयाचा आहे आणि वेळापत्रकात तास ठेवावयाचे आहेत.

विषयनिवड हा शब्द आपण मोठ्या विश्वासाने वापरतो. निवड म्हणावयाची, तर निवडण्यासारखी वस्तू समोर असली पाहिजे आणि तिचे नाव खरे असले पाहिजे. चित्रकलेच्या बाबतीत या दोहोंचीही पूर्तता अद्याप व्हावयाची आहे. ती होईपर्यंत भिवंडीतील ज्या मुलाला रेषेची ओढ आहे, त्याला शाखा विचारताना त्याच्या शिक्षकाने एवढे तरी सांगावे, की कला शाखेत जे मिळते ते मोलाचे आहे, पण तू जे शोधतो आहेस ते हे नव्हे.